सोद्नोम मामांच्या आठशे बारा खुणा

मामांच्या पिवळ्या जीपीएस यंत्रातली जागा संपली होती, एवढंच खरं तर दुखणं होतं. पडद्यावर दोन ओळी होत्या. वरची म्हणत होती, जुन्या वाटा पुसा. खालची म्हणत होती, यंत्र कारखान्यातून निघालं तसं करा. गालसानच्या एका हातात खारट दुधाच्या चहाचा वाडगा होता, दुसऱ्या हातात यंत्र, आणि डोक्यात विचार असा की अर्धवट झाडून काय उपयोग? झाडायचं तर कोपरा न् कोपरा झाडावा. त्यानं खालची ओळ दाबली.

चार सेकंद पडदा काळा झाला. मग यंत्र नुकतं जन्मलेल्या बाळासारखं डोळे उघडून त्याच्याकडे बघायला लागलं आणि त्यानं विचारलं, तुमची भाषा कोणती?

बाहेर अंगणात सोद्नोम मामा मोटरसायकलच्या चाकाला ठिगळ लावत बसले होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "झालं का रे?"

"झालं मामा."

"किती जागा झाली?"

गालसाननं चहाचा घोट घेतला. "सगळी," तो म्हणाला.

मामा आत आले. हाताचं काळं वंगण अंगरख्याला पुसून त्यांनी यंत्र घेतलं, नेहमीप्रमाणे उलटं धरलं आणि बराच वेळ पाहिलं. विहिरी नव्हत्या. नदीचे उतार नव्हते. खिंडी नव्हत्या. वीस उन्हाळे नव्हते. मामा रागावले असते, चाकाची पहार घेऊन अंगावर धावून आले असते, तर गालसानला बरं वाटलं असतं. पण त्यांनी यंत्र चुलीशेजारच्या पेटीवर हळूच ठेवलं, जसं झोपलेलं मूल ठेवतात, आणि म्हणाले, "ते चाक अर्धं राहिलंय. तेवढं करून टाक."

हे मंगोलियातल्या बायनखोंगोर गावात, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घडलं. पोलंडहून सहा मोटरसायकलवाले चौदा जूनला येणार होते आणि त्यांना दक्षिणेला गोबीत नऊ दिवस फिरवून आणायचं होतं. फिरवणार होता गालसान. मामांचा डावा गुडघा दोन हिवाळ्यांपूर्वी संपावर गेला होता, तो अजून कामावर आला नव्हता. गालसान त्या वाटेनं दोनदा गेला होता खरा, पण मागून येणाऱ्या सामानाच्या जीपमध्ये, बटाट्यांच्या पोत्यावर झोपून. त्याच्या आणि वाळवंटाच्या मध्ये ते पिवळं यंत्र होतं. आता तेही नव्हतं.

सोद्नोम मामा काही वाटाडे म्हणून जन्मले नव्हते. सैन्यातून सुटल्यावर सतरा वर्षं त्यांनी टपालाचा ट्रक चालवला. दर मंगळवारी निघायचं आणि दक्षिणेच्या चार तालुक्यांना पत्रं, औषधं, रेडिओच्या बॅटऱ्या आणि आठवडाभराची शिळी वर्तमानपत्रं पोहोचवून शनिवारी परतायचं. वर्तमानपत्र शिळं का, असं कोणी विचारलं तर मामा म्हणत, "तुझ्यासाठी ताजंच आहे की, तू कुठे वाचलंयस?" मग जुनं राज्य गेलं, ट्रक कोणीतरी विकून खाल्ला, आणि मामांकडे उरली एक रशियन प्लानेता मोटरसायकल, जी चालू करण्यापेक्षा घोडा पकडणं सोपं. एकदा तुइन नदीच्या उतारात एक जर्मन माणूस आपल्या भारी मोटरसायकलसकट कंबरभर पाण्यात उभा असलेला त्यांना दिसला. मामांनी त्याला ओढून काढलं, घरी आणलं, वाळवलं, आणि पुढे अकरा दिवस वाट दाखवली. जाताना जर्मन आपलं पिवळं जीपीएस यंत्र ठेवून गेला. वाटाड्याचा धंदा असा सुरू झाला.

खरं सांगायचं तर मामांना यंत्राची गरज नव्हती. पण परदेशी पाहुण्यांना होती. मामा हनुवटी पुढे करून "तिकडे" म्हणाले की पाहुण्यांचा चेहरा उतरायचा. तेच मामांनी यंत्रात बघून "तिकडे" म्हटलं की पाहुणे खूश. म्हणून मामा दर विहिरीवर, दर उतारावर एक खूण दाबू लागले. दाबता दाबता सवय लागली, आणि सवयीचा पुढे नाद झाला. कुठली विहीर जूनमध्ये गोड आणि ऑगस्टमध्ये खारट, कुठल्या ओढ्याला पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी उतार मिळतो, कुठल्या खिंडीत वारा माणसाला खाली उतरवतो, हे सगळं त्या हाताएवढ्या डब्यात गेलं.

"पण मामा, तुम्हाला तर सगळं तोंडपाठ आहे," गालसान त्या दिवशी चाक बसवून झाल्यावर, जरा धीर करून म्हणाला. "तुम्ही सांगा, मी लिहून घेतो."

मामांनी तपकिरीची कुपी काढली, हुंगली, परत ठेवली. गालसानला दिली नाही. "तोंडपाठ नाही रे बाबा. बूडपाठ आहे," ते म्हणाले. "गाडीवर बसलो की वाट आपोआप कळते. कुठे वळायचं ते बुडाला कळतं. इथे चुलीपाशी बसून सांग म्हणालास तर मला पहिली विहीरसुद्धा सांगता यायची नाही."

"मग गाडीवर बसा."

"गुडघ्याला विचार."

गालसाननं गुडघ्याकडे पाहिलं. गुडघा काही बोलला नाही.

दोल्गोर मामी तेव्हा घरी नव्हत्या. मे महिन्यात बकऱ्यांची लोकर विंचरायला त्या दरवर्षी उत्तरेला बहिणीकडे जात, आणि तिथे फोन लागायचा तर टेकडीवर चढून, तोही वाऱ्याची मर्जी असेल तर. मामा म्हणाले, "ती येईपर्यंत नवं यंत्र तरी आणू. रिकामं का होईना." आणि मग ते पहिल्यांदाच गालसानकडे बघून म्हणाले, "पण ह्या वेळेला असं आणायचं की ज्याची आठवण पोटातून बाहेर काढून खिशात ठेवता येईल. म्हणजे तुझ्यासारखा कोणी झाडायला आला तरी..." वाक्य त्यांनी तिथेच सोडून दिलं. गालसानला ते रात्रभर पुरलं.

उलानबातरला जायला बसनं अकरा तास लागतात. मामांनी त्यातले दहा तास झोप काढली आणि एक तास शेजारच्या बाईला तिच्या मुलाचं लग्न कुठल्या घरात करू नये ते समजावलं.

मोहिमेचं सामान विकणाऱ्या दुकानात झोलझाया नावाची मुलगी काउंटरवर होती. तिनं काचेवर तीन यंत्रं मांडली. गालसानचा जीव लगेच मधल्यावर गेला. मोठा पडदा, बोट फिरवलं की नकाशा लोण्यासारखा सरके, बॅटरी आतच बसवलेली, फोनसारखी चार्ज करायची. डावीकडचं लहान आणि स्वस्त होतं. उजवीकडचं जाडजूड, बटणांचं, दिसायला टीव्हीच्या रिमोटचा थोरला भाऊ.

मामांनी आधी स्वस्त उचललं. "ह्याची आठवण बाहेर निघते?"

"कार्ड म्हणताय का गुआइ?" झोलझाया म्हणाली. वडीलधाऱ्या माणसाला गुआइ म्हणायचं तिला शिकवलेलं होतं, पण हसू दाबायचं शिकवायचं राहून गेलं होतं. "त्याला कार्डाची जागाच नाही. जे आहे ते आतच."

"ठेव परत. असलं एक घरी आहे." मामांनी गालसानकडे बघितलं नाही, पण गालसानला ते लागलंच.

मग मधलं. मामांनी अंगरख्यातून आपले मोटरसायकलचे हातमोजे काढले, मेंढीच्या कातड्याचे, प्रत्येक बोट सॉसेजएवढं, आणि ते घालून पडद्यावर बोट फिरवलं. नकाशा ढिम्म. पुन्हा फिरवलं. नकाशा एकदम रशियात गेला.

"मोजा काढायचा ना मामा," गालसान म्हणाला.

"सप्टेंबरात खिंडीत काढ तू मोजा. मग तेच बोट घेऊन इथे दाखवायला ये, उरलं तर." ते झोलझायाकडे वळले. "आणि ह्याची बॅटरी संपली तर?"

"चार्ज करायची. मोटरसायकलवरूनही होते, वायर येते."

"आणि वायर तुटली?"

झोलझाया विचारात पडली. ती प्रामाणिक मुलगी होती. "मग थांबायचं," ती म्हणाली.

"कुठे?"

तिसऱ्या यंत्रात मात्र साध्या पेन्सिल बॅटऱ्या लागायच्या, दोन. त्या कुठल्याही तालुक्याच्या दुकानात मिळतात. जिथे ब्रेड मिळत नाही तिथेसुद्धा त्या मिळतात. मामांनी मोज्यासकट बटणं दाबली. दबली. त्यांनी यंत्र दुकानाच्या दारात नेऊन उन्हात धरलं. पडदा दिसत होता. उन्हात तो उलट जास्तच स्पष्ट दिसत होता.

"गुआइ, तुम्ही उलटं धरलंय," झोलझाया म्हणाली.

"मी सरळ धरलंय. नकाशा उलटा छापलाय," मामा म्हणाले. "घराचं दार कुठे असतं? दक्षिणेला. माणूस घरातून बाहेर पडतो तो कुठे तोंड करून? मग पुढे काय असलं पाहिजे? ह्या लोकांनी उत्तर वर ठेवली. पाठीमागे बघत गाडी चालवतात बहुतेक."

झोलझायानं यंत्राची एक सेटिंग उघडली आणि मोटरसायकल जिकडे तोंड करेल तिकडे नकाशा फिरेल असं करून दिलं. मामांनी ते बघितलं, दोनदा गोल फिरून खात्री केली, आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती जरा हलली. "हे मला वीस वर्षांत कोणी सांगितलं नाही."

पण अजून हादऱ्यांची परीक्षा बाकी होती. दुकानासमोर सामान पोहोचवणाऱ्या पोराची चिनी मोटरसायकल उभी होती. मामांनी खिशातून ट्यूबची रबरी पट्टी काढून यंत्र हँडलला बांधलं आणि गालसानला म्हणाले, "बस. जागेवरच रेस कर."

"किती वेळ?"

"मी चहा पिईपर्यंत."

मामा दुकानात बसून झोलझायानं दिलेला चहा प्यायले. एक वाडगा. दुसरा वाडगा. बाहेर फुटपाथवर गालसान जागच्या जागी ताशी ऐंशीच्या वेगानं कुठेही जात नव्हता आणि येणारे-जाणारे त्याला वळून बघत होते. तिसऱ्या वाडग्याच्या सुमाराला यंत्र विझलं. मग पुन्हा लागलं. मग पुन्हा विझलं.

"बॅटऱ्या हलतात आत," झोलझाया पडेल आवाजात म्हणाली. "हादऱ्यानं टोकं सुटतात."

गालसानला वाटलं, गेलं. आता मधलं मोठं घेतील. पण मामांनी झाकण उघडलं, आपल्या बुटाच्या आतल्या नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, नखाएवढा तुकडा सुरीनं कापला, बॅटऱ्यांच्या मागे कोंबला आणि झाकण लावलं.

"गुआइ, असं केलं की गॅरंटी जाते!"

"माझी केव्हाच गेलीय. चालतोय की नाही?" मग गालसानला, "कर रेस."

आणखी दोन वाडगे झाले तरी यंत्र विझलं नाही.

कार्ड बॅटऱ्यांच्याच खाली बसायचं, एका छोट्या पत्र्याच्या खिडकीत. झाकण बंद की धूळ नाही, पाणी नाही. एका कार्डावर अख्ख्या देशाचा नकाशा आणि वर मामांच्या सगळ्या वाटा बसून जागा उरेल, असं झोलझाया म्हणाली. मामांनी ते कार्ड दहा वेळा काढून घालून पाहिलं. आठव्या वेळेला ते त्यांच्या जाड बोटांतून उडालं आणि तिघं ते शोधायला लागले. म्हणजे दोघं गुडघ्यावर रांगत आणि मामा खुर्चीवर बसून हनुवटीनं दिशा दाखवत. "तिकडे. अजून तिकडे. अरे तिकडे म्हटलं ना." सापडलं ते मामांच्याच अंगरख्याच्या दुमडीत. त्यांनी दोन कार्डं घ्यायचं ठरवलं. एक यंत्रात, एक घरी.

परतीच्या बसमध्ये मामा झोपले नाहीत. नवं यंत्र मांडीवर घेऊन बसले होते. नकाशा होता, रस्ते होते, गावांची नावं होती, आणि गावाच्या पलीकडे सगळं कोरं करकरीत. एकदा ते इतकंच म्हणाले, "ह्याला काहीच माहीत नाही." गालसाननं खिडकीतून बाहेर बघण्याचं काम मन लावून केलं.

घरी पोहोचले तेव्हा दोल्गोर मामी परत आलेल्या होत्या. अंगाला अजून बकऱ्यांचा वास, आणि चुलीवर मटण भरलेले बूझ वाफेवर चढवलेले. त्यांनी दोघांचे चेहरे बघितले. "कोण मेलं?"

गालसाननं सांगितलं. चहाचा वाडगा, दोन ओळी, झाडणं, सगळं. सांगताना त्यानं स्वतःला मूर्ख म्हणायची संधी तीनदा घेतली, म्हणजे मामींना कमी काम उरावं.

मामींनी बूझच्या भांड्याचं झाकण उचललं, आत बघितलं, परत ठेवलं. "मग? वही आहे की."

"कसली वही?" मामा म्हणाले.

दोल्गोर मामी सव्वीस वर्षं हवामान केंद्रात होत्या. दिवसातून आठ वेळा बाहेर जाऊन पारा बघायचा, वारा बघायचा आणि वहीत आकडा लिहायचा. निवृत्त झाल्यावर पाऊल आपोआप बाहेर पडायचं, पण बघायला पारा नव्हता. मग दर हिवाळ्यात, मामांचं यंत्र पेटीवर पडलेलं असताना, त्या ते उघडून त्यातली खुणांची नावं आणि अक्षांश-रेखांशाचे आकडे उतरवून काढायच्या. चार वह्या होत्या. पेटीच्या तळाशी, लग्नातल्या टोप्यांखाली.

"तू मला सांगितलं नाहीस कधी?" मामा म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी, दोल्गोर, हिवाळ्यात काय करतेस म्हणून?"

मामांनी वही हातात घेतली, पहिल्या पानावर अंगठा फिरवला आणि एकदम खाली बसले, गुडघ्याला न विचारता. मामींनी त्यांच्या हातात बूझची ताटली दिली. "खा. गार होतात." मामांनी सात खाल्ले. गालसाननं नऊ. आठवडाभरात त्याला पहिल्यांदा भूक लागली होती.

आठशे बारा खुणा होत्या. आकडे असे सुबक की छापल्यासारखे. गालसाननं मावसभावाचा लॅपटॉप आणला आणि मामी सांगतील तसं टाइप करत सुटला. हे सगळं एका फाइलमध्ये घालून कार्डावर टाकलं की यंत्र उचलून घेणार होतं. विहिरी झाल्या, उतार झाले. मग मामी म्हणाल्या, "खैरखान." गालसाननं लिहिलं. "खैरखान," मामी म्हणाल्या. लिहिलं. "खैरखान." गालसान थांबला.

"मामा, एवढे सगळे खैरखान? सदतीस आहेत!"

"असतील."

"पण प्रत्येक डोंगराला नाव असेल ना?"

"आहे की."

"मग लिहिलं का नाही?"

मामा दुखावल्यासारखे बघायला लागले. "डोंगरासमोर उभा राहून मी खूण दाबणार, आणि त्याच्यासमोरच त्याचं नाव घेणार? बापासमोर बापाला नावानं हाक मारतोस का तू? मोठ्या डोंगरासमोर खैरखान म्हणायचं. कृपाळू म्हणायचं. एवढंही शिकवत नाहीत का तुझ्या त्या दोन नंबरच्या शाळेत?"

"पण तुम्ही बोलत कुठे होता? टाइप करत होता!"

"बोट माझंच ना?"

पण पोलंडच्या सहा जणांना घेऊन सदतीस कृपाळूंतला नेमका कोणता ओलांडायचा हा प्रश्न होताच. तेव्हा मामींनी उपाय काढला. वही लिहिलेल्या क्रमानं होती, म्हणजे उन्हाळ्यांच्या क्रमानं. मामा जागा सांगू शकत नव्हते, पण कुठल्या उन्हाळ्यात काय मोडलं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. "दुसरा उन्हाळा, विसावी खूण," मामी म्हणायच्या. मामा डोळे मिटायचे. "क्लच जळला तो. फ्रेंच माणूस रडला होता. थांब, त्याच्या आधी उंट आडवे आले होते... हां, तो." आणि मग नाव. पण नाव घेण्याआधी मामा खिडकीकडे बघायचे, कारण गावामागचा डोंगर तिथून दिसायचा, आणि त्याच्या देखत बाकीच्यांची नावं घेणं त्यांना बरं वाटेना. शेवटी मामींनी पडदा ओढला. "नाही दिसत आता त्याला. बोला." तीन दिवस घर भर दुपारी अंधारात होतं आणि शेजारी विचारून गेले की कोणाला गोवर निघाला का.

सदतीसच्या सदतीस नावं सापडली. शेवटच्या नावाला मामांनी डोंगरांना अर्घ्य म्हणून बोटांनी दुधाचे थेंब हवेत उडवले आणि म्हणाले, "आता बघून ये. खरं आहे की नाही ते विहीर सांगेल."

सात जूनला गालसान एकटा निघाला. तिसऱ्या मुक्कामाची विहीर, तीच खरी. त्या दिवशी आधी पाणी नाही, नंतरही नाही, आणि विहीर अशा जागी की उंटावरून जाणाऱ्यालाही दिसू नये. ती सापडली तर सगळं सापडलं. नवं यंत्र हँडलला, मामांच्याच रबरी पट्टीनं बांधलेलं. पडदा उन्हात दिसत होता, बटणं दबत होती, नमद्याचा तुकडा इमानानं बॅटऱ्या धरून होता. दोन दिवस तो पडद्यावरच्या बाणाच्या मागे गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाणानं सांगितलं, पोहोचलास.

गालसान उतरला. समोर खडी. मागे खडी. डावीकडे एक वाळलेलं झुडूप, तेही कोणी ओळखीचं भेटल्यासारखं हललं नाही. विहीर नव्हती. तो गोल फिरला, मोठा गोल फिरला, मोटरसायकलच्या सीटवर उभा राहिला. वारा त्याच्या कानात घुसत होता आणि त्याला एकच गोष्ट दिसत होती: मामा चुलीपाशी बसलेत, आणि तो आत जाऊन सांगतोय की वहीसुद्धा खोटी निघाली.

सीटवर उभा असतानाच त्याला दूर धूळ दिसली. बकऱ्यांची धूळ. आणि त्या वेळेला बकऱ्या रांगेनं एकाच दिशेला जातात म्हणजे पाण्याला जातात, हे दोन नंबरच्या शाळेतही माहीत असतं. तो गाडीवर बसला. अर्धा किलोमीटर, थोडं जास्त. एका घळीत, लाकडी कठड्याची, अगदी मामा सांगायचे तशी विहीर होती. शेजारी दगडी डोणी होती. डोणीपाशी साठ बकऱ्या आणि पाग्मा नावाची एक म्हातारी होती.

"सैन बैन ऊ," असा नमस्कार करून गालसान खाली बसला.

"लांबून आलास?"

"अर्ध्या किलोमीटरवरून," तो म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याला कळलं. मामींनी सेकंद लिहिले होते. मिनिटं आणि सेकंद, हवामान केंद्राच्या पद्धतीनं. त्यानं फाइलमध्ये तेच आकडे मिनिटांचे दशांश म्हणून घातले होते. अठ्ठेचाळीस सेकंद म्हणजे मिनिटाचे ऐंशी शतांश. त्यानं अठ्ठेचाळीसच ठेवले होते. मामांची वीस वर्षं खरी होती, मामींच्या चार वह्या खऱ्या होत्या, यंत्र खरं होतं. खोटा होता तो फक्त गालसान. आणि गालसान तर दुरुस्त होण्यासारखा होता! सगळ्या खुणा कार्डावर होत्या, फाइल घरी होती. एक हिशेब सगळ्या ओळींवर चालवला की संपलं. एका संध्याकाळचं काम. तो तिथे डोणीला टेकून एकटाच हसायला लागला.

पाग्मानं एका बकरीला ढकललं आणि त्याच्याकडे बघितलं. "ऊन लागलंय का तुला?"

"नाही आजी. सुटलो."

"सुटलास तर ओढ मग पाणी. माझे खांदे गेलेत." विहिरीवर आलेल्यानं उभ्या जनावरांना पाणी ओढून द्यायचं असतं, हे सांगायची गरज नव्हती. गालसाननं रबरी बादली सोडली आणि ओढायला लागला. साठ बकऱ्या, त्यांच्यामागून चाळीस मेंढ्या, आणि मग कुठून तरी आलेला एक उंट, ज्याचा पाग्माशी काही संबंध नव्हता पण त्यानं नातं सांगितलं. ओढताना त्याला इतकं हलकं वाटत होतं की तो जरा जास्तच जोरात ओढत होता. उंटाच्या तिसऱ्या बादलीला दोर तुटला.

बादली खाली गेली. गालसाननं ती सामानाच्या आकड्यानं तासभर खटपट करून काढली. पण केसांचा तो वळलेला दोर मधोमध गेला होता आणि गाठ मारली तर पाण्यापर्यंत हातभर कमी पडत होता.

"माझ्या सासूनं वळलेला," पाग्मा म्हणाली. रागानं नव्हे, नुसती माहिती म्हणून. "असू दे. आता वाकून भरीन."

"मी आणून देतो आजी. नवा दोर. आठ दिवसांनी ह्याच वाटेनं येतोय, सहा पाहुणे घेऊन."

"आम्ही चार दिवसांत उठतो. उन्हाळी कुरणावर."

"कुठे?"

पाग्मानं हनुवटी पुढे केली. "तिकडे." मग तिनं त्याच्या खिशात वाळल्या दह्याचे चार तुकडे कोंबले आणि वाकून बादली सोडायला लागली.

चौदा जूनला पोलंडचे सहा जण आले. सोळाला दुपारी गालसाननं तालुक्याच्या शेवटच्या टेकडीवरून घरी फोन केला. वारा होता, पण मर्जीत होता. "मामा, विहिरीवर जाऊन आलो. बाण बरोबर कठड्यावर येऊन थांबला."

पलीकडे चहाचा वाडगा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाले, "पाणी गोड आहे ना?"

"गोड आहे."

"जूनमध्ये गोडच असतं," मामा म्हणाले, आणि मामींना ओरडून सांगताना त्यांचा आवाज असा फुटला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "दोल्गोर! गोड आहे म्हणतो!"

विहिरीच्या कठड्याला तो गाठ मारलेला आखूड दोर अजून तसाच होता. पाग्माच्या तंबूघराची जागा म्हणजे गवतावरचं एक गोल, पिवळं पडलेलं, एवढंच उरलं होतं. गालसाननं बाजारातून घेतलेला बारा हातांचा नवा दोर मोटरसायकलच्या मागे बांधून आणला होता. तो त्यानं विहिरीवर ठेवला नाही. दोर विहिरीचा नव्हता, पाग्माचा होता. जुलैत दुसऱ्या फेरीला त्यानं हनुवटीच्या त्या दिशेनं दोन खोरी पालथी घातली, चार घरी चहा घेतला, पाग्मा नावाच्या तीन बायका भेटल्या, ती काही भेटली नाही. दोर मागे तसाच बांधलेला आहे.